मॅन-ॲट-आर्म्स: इटर्नियाचा मिस्त्री

‘ही-मॅन’ या कार्टून मालिकेच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला इटर्निया या काल्पनिक जगाचा राजपुत्र ॲडम सांगतो की त्याचं गुपित, म्हणजे तोच ही-मॅन आहे हे, आणखी फक्त तिघांना ठाऊक आहे: सॉर्सेरेस, मॅन-ॲट-आर्म्स आणि ऑर्को. सॉर्सेरेसच्या हाती ग्रेस्कल किल्ल्याची सगळी शक्ती. ऑर्को दुसऱ्या जगातून आलेला जादूगार, मग त्याचे मंत्र फसोत की न फसोत. ॲडमकडे तलवार आहेच, आणि त्याचा भित्रा वाघ क्रिंजरही त्याच तलवारीच्या प्रतापाने बॅटल कॅट होतो. या मंडळीत जादूचा कणही नसलेला माणूस एकच, मॅन-ॲट-आर्म्स. त्याच्याकडे आहे कार्यशाळा, आणि हाताशी हत्यारं.

दूरदर्शनवर ही मालिका पाहिलेल्यांना तो मिशीवाला म्हणून आठवत असेल. नारिंगी चिलखत, हिरवा अंगरखा, डोक्याला शिरस्त्राण, हातात गदा. गदा म्हटलं की आपल्याला मारुती किंवा भीम आठवतो, पण हा गडी गदा चालवताना फारसा दिसत नाही. बहुतेक वेळा तो काहीतरी बनवत असतो, बिघडलेलं दुरुस्त करत असतो, नाहीतर आत्ताच बनवलेलं यंत्र ऑर्कोच्या तावडीतून सोडवत असतो. इटर्नियाचा मिस्त्रीच तो.

आधी नावाचं पाहू. ‘मॅन-ॲट-आर्म्स’ हे माणसाचं नाव नाही, हुद्दा आहे. मध्ययुगीन युरोपात पूर्ण चिलखत घालून लढणाऱ्या, बहुधा घोडेस्वार असलेल्या सैनिकाला असं म्हणत. आपल्या पात्राचं नाव डंकन. त्याच्या आधी तो हुद्दा डेकर नावाच्या त्याच्या गुरूकडे होता, ही जोड २००२ च्या मालिकेने दिली. हा हुद्दा एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, हे लक्षात ठेवा. २०२१ मध्ये कथेची एक मोठी कळ याच गोष्टीवर दाबली गेली.

आता खेळणं, कारण इथे खेळणं आधी आणि गोष्ट नंतर. मॅटेल कंपनीने १९८२ मध्ये जे पहिले आठ पुतळे बाजारात आणले ते ही-मॅन, स्केलेटर, मॅन-ॲट-आर्म्स, टीला, बीस्ट मॅन, मर-मॅन, स्ट्रॅटॉस आणि झोडॅक. उंची साडेपाच इंच, म्हणजे सुमारे १४ सेंटिमीटर. खोक्यावर मॅन-ॲट-आर्म्सची ओळख ‘शस्त्रांचा वीर उस्ताद’ अशा अर्थाच्या शब्दांत छापली होती. त्या वेळी ॲडम नावाचा राजपुत्रच नव्हता. पुतळ्यांसोबत मिळणाऱ्या छोट्या चित्रपुस्तिकांत ही-मॅन हा रानटी टोळीतला योद्धा होता. ॲडम पहिल्यांदा दिसला जुलै १९८२ मध्ये डीसीच्या कॉमिकमध्ये. ॲडम नाही तर गुपित कुठून येणार, आणि गुपितच नाही तर ते जपणारा तरी कशाला हवा? ज्या भूमिकेसाठी आज हे पात्र ओळखलं जातं, ती पुतळा साच्यातून बाहेर पडला तेव्हा अस्तित्वातच नव्हती.

मिशीचंही तसंच. मूळ पुतळ्याला मिशी नाही, चेहरा तुळतुळीत आहे. मिशी आली फिल्मेशन स्टुडिओच्या मालिकेत, सप्टेंबर १९८३ मध्ये. तिथे तो टीलाचा बाप झाला होता, आणि तरण्याताठ्या मुलीचा बाप शोभायला वय दिसायला हवं. एका मिशीने ते काम भागलं. म्हणून जुना पुतळा पाहून कुणी ‘मिशी पुसली गेलीय’ म्हणत असेल, तर ती पुसलेली नाही, ती कधी नव्हतीच. आणि कुणी मिशी रंगवून ‘मूळ’ म्हणून पुतळा विकत असेल, तर तिथून उठून चालू लागा.

फिल्मेशनच्या मालिकेचे १३० भाग झाले, ६५-६५ चे दोन हंगाम. सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग. एवढं काम वेळेत उरकायला या स्टुडिओची ठरलेली पद्धत होती: चालणं, धावणं, वळणं, ठोसा मारणं अशा हालचाली एकदाच नीट रेखाटायच्या आणि पार्श्वभूमी बदलून पुन्हापुन्हा वापरायच्या. एकदा लक्षात आलं की मग तोच ठोसा वेगवेगळ्या भागांत ओळखू येतो. लेखकांना यातला बोध सोपा होता. नवी मारामारी महाग पडते आणि बोलणं स्वस्त पडतं. त्यामुळे जो माणूस उभा राहून समजावून सांगू शकतो, तो अशा मालिकेत सोन्यासारखा. धोका काय आहे, यंत्र कसं चालतं, किल्ल्यात का जायचं नाही, हे सगळं मॅन-ॲट-आर्म्सच्या तोंडी येतं ते त्यामुळेच.

आवाजाची गंमत तर ऐकून पाहण्यासारखी आहे. मॅन-ॲट-आर्म्सला आवाज दिला ॲलन ऑपेनहायमर यांनी, आणि खलनायक स्केलेटरलाही त्यांनीच. क्रिंजर-बॅटल कॅटही तेच. म्हणजे स्केलेटर किंचाळत धमकी देतो आणि मॅन-ॲट-आर्म्स शांतपणे उत्तर देतो, तेव्हा एकच माणूस स्वतःशी भांडत असतो. कानांवर हात ठेवावेत असा तो कर्कश, नाकातला आवाज आणि हा घरातल्या वडीलधाऱ्यासारखा खालच्या पट्टीतला आवाज एकाच गळ्यातले आहेत, हे माहीत नसेल तर पटकन पटत नाही. २०२१ च्या ‘रेव्हलेशन’ या नव्या मालिकेत ऑपेनहायमर पुन्हा आले, पण मॉस मॅन या पात्राचा आवाज म्हणून.

त्याच्यासाठी नेमके कोणते भाग पाहावेत? सगळे १३० पाहायची गरज नाही.

‘टीलाज क्वेस्ट’ पहिला. पॉल डिनी यांनी लिहिलेला. टीला आपल्या आईच्या शोधात निघते आणि शेवटी कळतं की तिची आई म्हणजे सॉर्सेरेस. मॅन-ॲट-आर्म्सने तिला लहानपणापासून सांभाळलेलं आहे. मग सॉर्सेरेस टीलाच्या मनातून ही आठवण पुसून टाकते, आणि मुलगी पुन्हा अनभिज्ञ. आता डंकनची अवस्था पाहा. राजपुत्राचं गुपित राजापासून लपवायचं आणि मुलीचं गुपित मुलीपासूनच. दोन्ही बाजूंनी विश्वासू आणि दोन्ही बाजूंनी खोटं बोलणारा. मुलांच्या कार्टूनमध्ये असं पात्र सहज खपून गेलं, कारण त्याच्या चेहऱ्यावर कधी अपराधी भाव रेखाटलेच नाहीत. मोठेपणी पाहिलं की ते भाव आपणच भरतो.

‘द ड्रॅगन्स गिफ्ट’ दुसरा. स्केलेटर मॅन-ॲट-आर्म्सचा स्फटिकाचा पुतळा करून टाकतो. उपाय फक्त ग्रॅनामिर या प्राचीन ड्रॅगनकडे. तो अट घालतो: इटर्नियातलं सगळ्यांत जुनं झाड तोडून आण. ही-मॅन झाडापाशी जातो, पण एका जिवासाठी दुसरा जीव घ्यायला तयार होत नाही आणि हात हलवत परततो. ग्रॅनामिरला हेच पाहायचं होतं, तो उपाय देतो. या भागात मॅन-ॲट-आर्म्स बहुतेक वेळ नुसता उभा आहे, एक शब्द बोलत नाही. तरी भाग त्याचाच आहे. तो नसला तर काय अडतं ते यातून कळतं.

‘हॅपी बर्थडे, रोबोटो’ तिसरा. रोबोटो हा दुसऱ्या ग्रहावरून आलेला यंत्रमानव. त्याचं यान कोसळतं, आणि मोडलेल्या रोबोटोला मॅन-ॲट-आर्म्स पुन्हा जोडून उभा करतो. २००२ च्या मालिकेत हे बदललं. तिथे डंकननेच रोबोटो बनवला, तोही बुद्धिबळ खेळायला सोबती म्हणून. २०२१ मध्ये तर रोबोटो त्याचा मुलगाच म्हणवतो, ॲडमची मोडलेली तलवार, पॉवर सोर्ड, पुन्हा घडवतो आणि त्या कामात स्वतः संपतो. लोहाराच्या पोराने बापाचा धंदा पुढे चालवावा, तसं. जवळपास चाळीस वर्षांत एकाच पात्राचं नातं ‘गिऱ्हाईक’ ते ‘निर्मिती’ ते ‘पोटचं पोर’ असं सरकत गेलं. लेखक बदलले, पण कार्यशाळेतलं टेबल तेच राहिलं.

कंपनीलाही हा माणूस लागत होता, त्याचं कारण सरळ आहे. १९८२-८३ मध्ये मॅटेलने बॅटल रॅम, विंड रेडर, अटॅक ट्रॅक अशी वाहनं काढली. बॅटल रॅमचा पुढचा भाग सुटा होऊन उडतो, त्याला मालिकेत स्काय स्लेड म्हणतात. विंड रेडरला दोरीवरचा आकडा आहे. अटॅक ट्रॅक मालिकेत चक्क बोलतं. तलवारी आणि ड्रॅगनच्या जगात ही उडती यंत्रं आली कुठून, असं मुलं विचारणारच. उत्तर एका वाक्याचं: डंकनने बनवली. कंपनीला दर वर्षी नवं वाहन विकायचं आणि लेखकांना दर वेळी कारण हवं. कारखान्याचा माणूस कथेतही कारखानाच चालवतो. याची चेष्टा करता येईल, पण रामायणात सेतू बांधायला नल-नील लागतातच. कुणीतरी बांधणारा लागतो.

पुढच्या अवतारांचं थोडक्यात. १९८७ च्या चित्रपटात जॉन सायफर यांनी ही भूमिका केली. चित्रपटाचा बराच भाग पृथ्वीवर घडतो, त्यामुळे डंकनच्या हातात कार्यशाळा नाही, बंदूक आहे. पात्राचा अर्धा जीव तिथेच गेला. २००२ च्या मालिकेत आवाज गॅरी चॉक यांचा. तिथे फिस्टो हे पात्र त्याचा भाऊ आहे. २०२१ मध्ये दोन मालिका आल्या. संगणकी चित्रणाच्या मालिकेत डंकन तरुण पोरगा आहे, अजून शिकाऊ. दुसरी, जुलै २०२१ ची ‘रेव्हलेशन’, जुन्या मालिकेचा धागा पुढे नेणारी. तीत लियम कनिंगहॅम यांचा आवाज आहे. तिच्या पहिल्याच भागात मॅन-ॲट-आर्म्स हा हुद्दा समारंभपूर्वक टीलाला मिळतो. त्यानंतर काही वेळातच ॲडमचा मृत्यू होतो, ॲडमचा बाप राजा रँडॉर याला गुपित कळतं आणि तो डंकनला हद्दपार करतो. टीलाला कळतं की बापापासून सगळ्यांनी आपल्याला अंधारात ठेवलं, आणि ती नवा हुद्दा तिथेच टाकून निघून जाते. १९८३ मध्ये ‘टीलाज क्वेस्ट’च्या शेवटी झाकलेलं मडकं ३८ वर्षांनी फुटलं. ‘रेव्हलेशन’वर बरीच टीका झाली, त्यातली काही रास्तही आहे, पण डंकनच्या बाबतीत तिने हिशेब चुकता केला.

आता पुतळा हाताशी असलेल्यांसाठी, किंवा घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी.

मूळ मॅन-ॲट-आर्म्ससोबत चार सुटे भाग येत: छातीचं चिलखत, एका हाताचं कवच, एका पायाचं कवच आणि गदा. सगळे नारिंगी. सोबत एक चित्रपुस्तिका. पूर्ण संच मिळणं अवघड. छातीचं चिलखत अंगावर अडकलेलं असल्याने टिकतं. गदा हरवते पण मोठी असल्याने सापडतेही. हात आणि पाय यांची कवचं मात्र आधी जातात, कारण ती लहान, एकाच बाजूची आणि नुसत्या दाबाने बसणारी. विकत घेताना ‘पूर्ण’ या शब्दावर जाऊ नका, चारही भाग मोजा. चिलखत उतरवून पाठीकडचे अडकवायचे टोक वेगळ्या फोटोत मागा. बहुतेक चिलखतं तिथेच चिरलेली असतात आणि समोरून काढलेल्या फोटोत ते दिसत नाही.

पाठीवर ‘मॅटेल १९८१’ अशी मोहोर दिसली तर ते उत्पादनाचं वर्ष समजू नका. ते हक्काचं वर्ष आहे. पुतळा बाजारात आला १९८२ मध्ये आणि त्याच मोहोरेचे पुतळे नंतर कित्येक वर्षं निघाले. उपयोगाचं आहे ते मोहोरेतलं देशाचं नाव. तैवान, मलेशिया, मेक्सिको, फ्रान्स अशा वेगवेगळ्या कारखान्यांत माल झाला, आणि प्लास्टिकचा पोत, रंगाची छटा, रंगकामाची सफाई यांत फरक पडतो. नारिंगी रंगाच्या दोन चिलखतांची छटा जुळत नसेल तर लगेच ‘नकली’ म्हणू नका, कदाचित दोन देशांचे भाग एकत्र आले असतील. भारतात ही खेळणी लिओ या नावाखाली निघाली. त्यांच्या छटा आणि रंगकाम अमेरिकी मालाहून वेगळं आहे, त्यामुळे परदेशी फोटोंशी ताडून भारतीय पुतळा खोटा ठरवणं ही नेहमीची चूक. सर्वांत जुन्या खोक्याच्या पाठीवर फक्त आठ पुतळ्यांची चित्रं आहेत. संग्राहक त्याला ‘एट-बॅक’ म्हणतात.

सुट्या भागांच्या नकला भरपूर आहेत. मूळ भागाचा साचा घेऊन ओतलेली नक्कल सहसा किंचित लहान येते, कारण ओतलेलं द्रव्य घट्ट होताना आकसतं. मूळ गदेशेजारी ठेवून पाहा, किंवा पुतळ्याच्या मुठीत बसवा. मूळ गदा हाताने हलकं दाबल्यावर बसते. नक्कल सैल पडते नाहीतर कडक असल्याने मूठ चिरते. नक्कल वापरण्यात गैर काही नाही. मुलांना खेळायला ती चांगलीच, फक्त किंमत नकलेची द्यावी.

या पुतळ्यांचा हमखास बिघाड म्हणजे लुळे पाय. दोन्ही पाय कंबरेच्या आतून एका रबराने एकमेकांशी ताणून बांधलेले असतात. चाळीस वर्षांत रबर आधी कडक होतं, मग तुटतं, आणि पुतळा उभा राहीनासा होतो. पाय गुडघ्यात वाकलेले आणि फाकलेले असल्याने या पुतळ्याचा तोल मुळातच रबराच्या ताणावर आहे. दुरुस्ती घरी होते.

लागेल ते असं: लांब टोकाची पक्कड, चिमटा, टॉर्च, दातांचा धागा (डेंटल फ्लॉस) सुमारे ३० सेंटिमीटर, केस वाळवायचा ड्रायर आणि नवी गोल रबरी रिंग. रिंग नळाच्या किंवा बेअरिंगच्या दुकानात ‘ओ-रिंग’ म्हणून मिळते. नायट्राइल रबराची घ्या, दोन-तीन मापांच्या आणा.

आधी चिलखत आणि कवचं उतरवा. ड्रायर मध्यम उष्णतेवर, एक वीतभर अंतरावरून, मिनिट-दीड मिनिट खुब्यांभोवती फिरवा. एकाच जागी धरलात तर रंग फुगतो. पाय सैल असेल तर तो बाहेर ओढल्यावर टोकाचा आकडा दिसेल. आत जुन्या रबराचे चिकट तुकडे राहिलेले असतात, ते टॉर्चच्या उजेडात चिमट्याने काढा. ते राहिले तर नवी रिंग घासून लवकर झिजते. रिंग एका पायाच्या आकड्यात अडकवा. तिच्या दुसऱ्या टोकातून धागा दुहेरी घाला, दोन्ही पदर कंबरेच्या भोकातून पलीकडे काढा आणि ओढा. रिंगचं टोक पलीकडे डोकावलं की पक्कडीने धरून दुसऱ्या पायाच्या आकड्यात घाला. मग धाग्याचं एक टोक सोडून दुसरं ओढा, धागा निसटून येईल.

चुकतं ते मापात. सैल स्थितीत रिंग दोन आकड्यांमधल्या अंतरापेक्षा थोडी लहान हवी. फार लहान घेतली तर पाय खुब्यात इतके दाबले जातात की वळवताना कण्हतात, आणि एक दिवस आकडाच मोडतो. त्यानंतर पर्याय राहत नाही. बरोबरीची घेतली तर पाय आठवड्याभरात पुन्हा लोंबतात. सर्वांत वाईट उपाय म्हणजे वर्तमानपत्राला येतो तो रबर बँड. पहिल्या दिवशी पाय ठणठणीत उभे राहतात, पण नैसर्गिक रबर उष्णतेत आणि हवेत काही महिन्यांतच चिकट होऊन तुटतं. शिवणकामाचं इलॅस्टिक चालतं, पण गाठ सुटते, आणि गाठीची जाडी एका बाजूला आल्याने एक पाय आत, एक बाहेर असा पुतळा लंगडतो.

कंबर वळवून सोडली की पुतळा ठोसा मारल्यासारखा झटक्याने परत फिरतो. ती करामत आतल्या स्प्रिंगची. ती गेली असेल तर सोडून द्या. धड दोन अर्ध्यांचं बंद केलेलं आहे. उघडायला गेलात तर जोड पांढरा पडतो, चिरतो आणि पुन्हा तसा बसत नाही. याच स्प्रिंगमुळे पुतळा पाण्यात बुडवून ठेवायचा नसतो. कंबरेच्या फटीतून पाणी आत जातं, सुकत नाही आणि स्प्रिंग गंजते. धुवायचं तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, दातांचा मऊ ब्रश, आणि कंबरेपर्यंत पाणी न नेता भाग-भाग करून. मग डोकं खाली करून पंख्याखाली रात्रभर. शिरस्त्राणाचा निळा रंग आणि डोळे जोरात घासू नका. नेलपेंट काढायचं द्रव्य अजिबात नको, ॲसिटोन प्लास्टिकच खातं. स्पिरिटने रंग उतरतो.

हात सैल असतील तर उपाय फेविकॉल. एक भाग फेविकॉल, एक भाग पाणी, टूथपिकच्या टोकाने खांद्याच्या फटीत एक थेंब. सुकेपर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी हात फिरवत राहा, नाहीतर तो चिकटून बसेल. सुकल्यावर फटीत पातळ थर राहतो आणि हात पकड धरतो. जास्त झालं तर कोमट पाण्याने निघून जातं. झटपट चिकटणारा गोंद इथे वापरला की दोन गोष्टी होतात: सांधा कायमचा जाम होतो आणि आजूबाजूला पांढरी धुरकट छटा उठते, ती पुसली जात नाही.

चिलखत थंडीत कधी उतरवू नका. आधी कोमट पाण्यात मिनिटभर ठेवा किंवा हातात धरून ऊब द्या, मग टोक हळूच सोडवा. चढवताना आधी छाती, मग हात, मग पाय.

ठेवायची जागा. आपल्याकडे कपाटात डांबराच्या गोळ्या टाकायची सवय आहे. त्याच कपाटात हा पुतळा ठेवू नका. नॅप्थलीनची वाफ काही प्लास्टिकना मऊ आणि चिकट करते, रंगही उचलून आणते. मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्याही टाळा, त्या पुतळ्याच्या मऊ भागांना चिकटतात. साधी पॉलिथिनची झिप पिशवी, तोंड पूर्ण बंद न करता, आत सिलिका जेलची पुडी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पुडी महिन्याने बदला. नारिंगी रंग उन्हात फिका पडतो, तेव्हा खिडकीशेजारचा शोकेस नको. आणि गदा मुठीत ठेवून वर्षानुवर्षं उभा करू नका. मूठ उघडी पडते, मग गदा निसटते आणि कपाटाखाली जाते.

नुसतं खेळायला किंवा मुलाला द्यायला हवा असेल तर जुन्यामागे धावू नका. मॅटेलने २०२० पासून ‘ओरिजिन्स’ नावाची मालिका काढली आहे. उंची तीच साडेपाच इंच, रूप जुन्यासारखं, पण सांधे जास्त आणि पायांत रबर नाही. डोकं, हात, पाय हाताने खेचून सुटतात आणि पुन्हा बसतात. डंकनच्या पुतळ्याला हे शोभतं म्हणायचं, सुटा करून पुन्हा जोडता येणारा.